चुकीच्या पायाचं हाड

शिलाई मशीनचं खोकं माळ्यावरून खाली आलं की घरातलं कुणीतरी डॉक्टर व्हायला निघालं, असा या घरचा संकेत होता. मशीन पणजीचं, ते कधीच मोडीत गेलं. खोकं मात्र आजोबांनी आपल्या पहिल्या वर्षी कॉलेजात नेलं आणि वरच्या वर्गातल्या एका मुलाकडून मिळालेली हाडं त्यात ठेवली. त्यांच्यानंतर ते आत्याकडे गेलं, आत्याकडून खारूकडे. मांडीचं हाड तिरकं ठेवलं तरच झाकण लागतं, ही युक्तीसुद्धा खोक्याबरोबर वारसाहक्काने मिळायची.

आज ते जेवणाच्या टेबलावर मधोमध बसलं होतं. तीन वाजले होते. पाच वाजता प्रवेशाचं पान बंद होणार होतं, आणि त्याआधी बुटकीला मिळालेल्या दोन कॉलेजांपैकी एकावर बोट ठेवायचं होतं.

बुटकी ही खारूची चुलत बहीण. हे नाव तिला तिसऱ्या वर्षी पडलं. आता ती घरातल्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच होती आणि स्वयंपाकघरात शिरताना मान लववायची, पण नाव काही केल्या सुटलं नाही. तिचे वडील, म्हणजे काका, बोटीवर होते. 'तुम्ही ठरवाल ते मला मान्य' असा निरोप पाठवून ते समुद्रावर नामानिराळे झाले होते. राहिल्या काकू. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि घरातही शिकवायच्या. त्यांनी चौकटीच्या कागदावर दोन रकाने आखले होते. एकावर 'मोठं', दुसऱ्यावर 'नवं'.

मोठं म्हणजे आजोबांचं, आत्याचं आणि खारूचं कॉलेज. दगडी जिने, एका वर्गात अडीचशे मुलं, आणि नाव घेतलं की समोरचा माणूस जरा सावरून बसणार. नवं म्हणजे आगगाडीने तीन तासांवरच्या एका लहान गावातलं, अवघं अकरा वर्षांचं, साठ मुलांचं.

"त्या नव्याचं नाव मी तरी ऐकलेलं नाही," आत्या म्हणाली. आत्या भूलतज्ज्ञ होती. ती इतक्या मऊ आवाजात बोलायची की पेशंट सुईआधीच पेंगतो, असं घरात म्हणत.

"अक्का, दुकानात येतात त्यांच्याकडच्या चिठ्ठ्या," बाबा म्हणाले. खारूच्या बाबांचं औषधांचं दुकान होतं. "अक्षर वाचता येतं."

"हा गुण झाला की दोष?"

"तेच तर कळत नाही. पण मी म्हणतो, एवढी चर्चा कशाला? घरात चालू विद्यार्थिनी बसली आहे. तिला विचारा. तिसऱ्या वर्षाला आहे, सगळं कोळून प्यायलीय."

सगळ्यांनी खारूकडे पाहिलं. खारूने बशीतलं बिस्किट उचललं आणि परत ठेवलं.

लहानपणी ती खोडरबरं आणि पेन्सिलीचे तुकडे उशीखाली साठवायची, म्हणून तिचं नाव खारू. गेली दोन वर्षं ती एकच गोष्ट साठवून होती. घरच्यांच्या लेखी ती तिसऱ्या वर्षाला होती, कॉलेजच्या लेखी अजून दुसऱ्याच वर्षाला. पहिल्या वर्षी शरीररचनेत ती नापास झाली, सहा महिन्यांनी पुन्हा बसून पास झाली, आणि मागच्या तुकडीत गेली. हे तिने घरी सांगितलं नाही. आई गेल्यापासून बापलेकीत एक न बोललेला करार होता, की एकमेकांना वाईट बातमी म्हणून द्यायची नाही. बाबांनी स्वतःचं वाढलेलं ब्लडप्रेशर लपवलं, तिने निकाल लपवला. फोनवर ती खोलीतल्या मैत्रिणीचे वॉर्डातले किस्से आपले म्हणून सांगायची, आणि बाबा ते दुकानात येणाऱ्या निवृत्त पोस्टमास्तरांना चार पदरचे घालून सांगायचे.

बुटकी मोठ्या कॉलेजात आली, तर पहिल्या आठवड्यात तिला सगळं कळणार होतं. ती नव्यात जावी म्हणून बोलायचं, तर स्वतःची कातडी वाचवायला बहिणीच्या आयुष्याशी खेळायचं. खारू पुरती कात्रीत सापडली होती. तिने मनाशी ठरवलं, की मोठ्याची स्तुती करायची आणि काय होईल ते होऊ द्यायचं. निदान तो लबाडपणा तरी नव्हता.

"चांगलं आहे कॉलेज," ती म्हणाली. "प्रत्येक प्रकारचा पेशंट बघायला मिळतो. ग्रंथालय मोठं आहे. नामवंत प्राध्यापकांची परंपरा आहे. आणि विद्यार्थ्याच्या सर्वांगीण विकासाला वाव आहे."

"ताई," बुटकी म्हणाली, "हे शेवटचं वाक्य त्यांच्या माहितीपत्रकात आहे. दुसऱ्या पानावर."

"असेल. म्हणून काय ते खोटं होतं?"

"तसं नाही. तू मला वेगळं सांग. शवविच्छेदनाला एका टेबलाभोवती किती जण असतात?"

"पंचवीस."

"दिसतं?"

"स्टुलावर चढलं की दिसतं."

"स्टुलं किती?"

खारूने बाबांकडे पाहिलं. "चार."

काकूंनी 'मोठं'च्या रकान्यात चार हा आकडा लिहून त्याभोवती गोल केला.

"अगं, स्टुलं काय मोजताय," बाबा म्हणाले. "आपली खारू त्याच स्टुलांवर चढून शिकली ना? दोघी बहिणी एका हॉस्टेलात राहतील, एकमेकींना आधार होईल. मला तर रात्रीची सुखाची झोप लागेल."

"भावजी, तुमच्या झोपेसाठी मी मुलीला कॉलेज निवडू?" काकू म्हणाल्या.

"नव्याला एवढी नावं नका ठेवू," बुटकी म्हणाली. "मी जाऊन आलेय. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मला एक हाड हातात दिलं आणि ते ओळखायला शिकवलं. मला प्रवेश मिळेल का तेही माहीत नव्हतं, तरी अर्धा तास घालवला तिने." बोलता बोलता तिने खोक्याची कडी काढली आणि आतलं एक लांब, बारीक हाड उचललं. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला असतं ते, फिब्युला. "हेच. हे बघ, या टोकाला खळगा आहे ना, तो मागे यायला हवा. आणि हा गुळगुळीत भाग आतल्या बाजूला." तिने आपला लांबलचक पाय खुर्चीवर ठेवला आणि हाड पोटरीला लावून पाहिलं. मग दुसरा पाय ठेवला. तिच्या कपाळावर आठी आली.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"यावर 'उजवे' लिहिलंय. हे उजवं नाही."

"अण्णांच्या हातचं अक्षर आहे ते," काकू म्हणाल्या. आजोबांना मोठी माणसं अण्णा म्हणत.

"अक्षर सुंदर आहे, आई. हाड डावं आहे."

खारूने हाडाकडे पाहायचं टाळलं. तिने न बघता डोळ्यांपुढे आणलं असतं असं ते हाड होतं. परीक्षेच्या ताटलीत ठेवलेलं हाड या हाडाचं जुळं भावंड शोभलं असतं. परीक्षकांनी विचारलं, कुठल्या बाजूचं? खळगा न बघताच ती म्हणाली, उजवं. ते म्हणाले, पुन्हा बघ. ती म्हणाली, उजवंच, सर. तिसऱ्यांदा तर ती जरा चिडूनच म्हणाली, कारण तिच्या घरी आजोबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि आजोबांनी चाळीस वर्षं लोकांची हाडं बसवली होती. त्या दिवशी संध्याकाळी तिने खोक्यातलं हाड आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवलं, आणि ते डावं निघालं. तेव्हापासून तिला ठाऊक होतं. पण हाडाबद्दल सांगायचं, तर ते कसं कळलं हेही सांगावं लागलं असतं.

तिने मान वर केली. आत्या चष्म्याच्या काचा पुसत होती. काचा स्वच्छ होत्या. आत्या त्या पुसतच राहिली, आणि टेबलावर एकटी तीच बुटकीकडे बघत नव्हती.

आत्यालाही ठाऊक होतं. खारूच्या हे लख्ख ध्यानात आलं, आणि का ते कळायलाही वेळ लागला नाही.

"आजोबांनाच विचारू या," खारू म्हणाली. कुणीतरी हे केव्हाच करायला हवं होतं. दोन वर्षं उशिरा का होईना, ती उठली आणि हाड घेऊन खिडकीपाशी गेली.

आजोबा तिथे आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. नजर अधू झाल्यापासून ते बोलणं कमी आणि ऐकणं जास्त करत. खारूने काहीही न सांगता हाड त्यांच्या हातात दिलं. त्यांचा अंगठा हाडावरून खाली सरकला, टोकाशी थांबला, खळगा चाचपून पुढे गेला. दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

"डावं," ते म्हणाले. "नाजूक आहे, बाईमाणसाचं असावं. कुणाला लागलं?"

"कुणाला नाही, आजोबा. तुमच्या खोक्यातलं आहे. त्यावर 'उजवे' लिहिलंय."

"कुणी?"

"तुम्ही."

आजोबांनी हाड डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"माझंच अक्षर," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी लिहिलं होतं. सगळी हाडं एका रविवारी बसून रंगवली." त्यांनी हाड मांडीवर ठेवलं. "पेशंटच्या पायावर नाव घातलेलं नसतं, हे नशीब म्हणायचं त्यांचं."

"पण मग तुम्ही पास कसे झालात?" बुटकीने विचारलं.

"मला कवटी आली होती. कवटीला डावं-उजवं नसतं."

काकू आधी हसल्या, मग बाबा, मग सगळेच. बाबांनी तर टेबलावर थाप मारली. आता इथेच हे हसण्यावारी जाईल, कुणी काही विचारणार नाही, चहा येईल, असं खारूला क्षणभर वाटलं.

"बापरे," बुटकी हसत म्हणाली, "ताई, तुला परीक्षेत हेच आलं असतं तर?"

"आलं होतं," खारू म्हणाली.

तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. पण आता शब्द बाहेर पडले होते आणि मागून बाकीचे रांगेने येत होते. "मी उजवं म्हणाले. तीनदा. मी नापास झाले, बाबा. सहा महिन्यांनी परत बसले आणि पास झाले, पण माझी तुकडी मागची आहे. मी दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डातलं जे जे सांगितलं ते माझ्या मैत्रिणीचं."

काकूंनी हाडाकडे पाहिलं, ते खारूला दिसलं.

"आणि हाडावर ढकलू नका. हाड एकच होतं, प्रश्न सहा होते. बाकीचे पाच मी घाबरून घालवले."

बाबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एक फोन करायचास," ते म्हणाले.

"केला होता. तुम्ही त्या दिवशी पोस्टमास्तरांना सांगत होतात, मुलगी परीक्षा देऊन आली, आता काय, डॉक्टरच झाली. मला मागून ऐकू येत होतं."

बाबांनी खिशातलं पेन काढून परत ठेवलं. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं आणि त्यांचा नंबर लागला नव्हता, ही घरातली जुनी जखम होती. तिच्यावर खारूचं कॉलेज पट्टीसारखं बांधलेलं होतं, आणि ती पट्टी आज खारूनेच ओढून काढली होती.

"तिला काही बोलू नकोस," आत्या म्हणाली. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मीही नापास झाले होते. त्याच हाडावर."

"अक्का?"

"मला आईने सांभाळून घेतलं. अण्णांना सांगितलं, हिला कावीळ झाली म्हणून परीक्षा हुकली. आठवतं का, आठवडाभर मला उकडलेल्या भाज्या खायला घालत होतात सगळे? मी ठणठणीत होते." मग ती खारूकडे वळली, आणि तिचा मऊ आवाज आणखी खाली आला. "तुला खोकं देताना सांगणार होते. दहादा सांगणार होते. पण अण्णा शेजारी उभे होते, फोटो काढत होते. मला वाटलं, तुला आपोआप कळेल. माझं चुकलं."

"मला कळलं," खारू म्हणाली. "परीक्षेनंतर."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि एकदमच हसायला लागल्या. हसता हसता खारूचे डोळे वाहू लागले. दोन वर्षांत तिने असा पोटभर श्वास घेतला नव्हता. छातीवरचं ओझं उतरतं म्हणजे नक्की काय होतं, ते तिला आज कळत होतं. खांदेसुद्धा हलके झाले होते, भूक लागली होती. तिने मघाचं बिस्किट उचललं आणि खाऊन टाकलं.

"ताई," बुटकी म्हणाली. तिने मघाचा चौकटीचा कागद उलटा केला होता. "आता तुला लपवायचं काही नाही. आता सांग."

खारूने नाक पुसलं आणि या वेळी खरंच विचार केला.

"कॉलेज वाईट नाही," ती म्हणाली. "तिथे जे बघायला मिळतं ते दुसरीकडे दहा वर्षांत मिळणार नाही. एका दुपारी मी नुसती दारात उभी होते, तर एका नर्सबाईंनी मला आत ओढलं आणि माझं बोट धरून पेशंटची नाडी दाखवली. ती मी जन्मात विसरणार नाही. पण आत ओढणारं कुणी भेटेल का, ते नशीब. निकालानंतर मी आठ दिवस वर्गात गेले नाही. अडीचशेत एक कमी आहे हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. नवव्या दिवशी गेले, तर शेजारची मुलगी म्हणाली, पेन आहे का." तिने बशीतला चुरा बोटाने गोळा केला. "मी शांतपणे चुकणारी आहे. चुकले की लपते. मला साठांत कुणीतरी धरलं असतं. तू तशी नाहीस. तू समोर हाड आलं की पायाला लावून बघतेस आणि आजोबांच्या अक्षरालाही चूक म्हणतेस. तू दोन्हीकडे शिकशील. म्हणून नावाकडे नको बघू. चूक झाली तर तुला कुठे बोलता येईल, ते बघ."

मग बाबांनी घसा खाकरला.

"त्या नव्यात साठच मुलं ना?" ते म्हणाले. "साठ बरी."

"आत्ताच तर दोघी बहिणींना एका हॉस्टेलात घालत होतात," काकू म्हणाल्या.

"मत बदललं. बदलू नये का?"

"मी मोठ्याकडे झुकत होते आता," काकू म्हणाल्या. "खारू तिथे आहे, ही लक्ष ठेवेल, असं वाटलं."

"आई, मला लक्ष ठेवणारं कुणी नकोय, शिकवणारं हवंय," बुटकी म्हणाली. "त्या मुलीने मला हाड ओळखायला शिकवलं. मी ते आज वापरलं. मला एवढं पुरेसं आहे." तिने फोन पुढे ओढला, 'नवं'वर बोट ठेवलं, आणि पानाने 'नक्की का?' असं विचारल्यावर पुन्हा ठेवलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. काकूंनी उरलेल्या पन्नास मिनिटांकडे जरा हळहळून पाहिलं, मग कागदाची घडी करून चष्म्याच्या घरात ठेवून दिली.

"पेन द्या कुणीतरी," आजोबा खिडकीपाशी बसूनच म्हणाले.

पेन बाबांच्या खिशातच असायचं. खारूने हाड घेतलं आणि 'उजवे'वर नख लावलं. "आधी ब्लेडने खरवडू का?"

"खरवडायचं नाही. केसपेपरवर चुकीचं लिहिलं गेलं तर काय करतात?"

हे खारूला आणि आत्याला दोघींनाही पाठ होतं, पण उत्तर खारूने दिलं. "एक रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची."

"मग कर तसं."

तिने साठ वर्षांच्या शाईवर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी 'डावे' लिहिलं. सहीसाठी ती क्षणभर थांबली.

"इकडे आण," आजोबा म्हणाले. "चूक माझी आहे." त्यांची सही हाडाच्या लांबीभर उतरत गेली. मग त्यांनी हाड आत्याकडे दिलं. तिने मुकाट्याने आपली सही केली. खारूने तिच्याखाली केली. बुटकीने हात पुढे केला, तर आजोबा म्हणाले, "तू नाही. तू फक्त घेऊन जा."

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. पोस्टमास्तरांच्या गोळ्या संपल्या होत्या. उद्या सकाळी दुकान उघडलं की पहिल्या त्यांच्याच काढतो, असं बाबा म्हणाले. पलीकडून नेहमीचा प्रश्न आला असावा, कारण बाबा थबकले. खारू मांडीचं हाड तिरकं ठेवून झाकण लावत होती. तिचा हात तिथेच थांबला.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"आलीये ना घरी, इथेच आहे," ते फोनमध्ये म्हणाले. "नाही, तिसऱ्या नाही, दुसऱ्या वर्षाला आहे ती. हो, एकदा नापास झाली होती, परत बसून पास झाली. नाही हो, तिने नाही सांगितलं चुकीचं. मीच सांगत होतो."